दाजींच्या कार्डाची मुदत

माझे दाजी सुतार आहेत आणि बहिरे आहेत. दोन्ही गोष्टी त्यांनी मेहनतीने मिळवल्या आहेत. सुतारकी वडिलांकडून आणि बहिरेपण गोल करवतीकडून. करवत चालवताना कानांवर चढवायची पिवळी झाकणं त्यांच्याकडे पहिल्यापासून होती, पण ती कायम खिळ्याला टांगलेली. एका वर्षी तर त्यांत कोळ्याने संसार थाटला होता.

घराच्या मागच्या अंगाला दाजींची शेड आणि पुढच्या खोलीत माझ्या ताईचं शिलाईमशीन. त्यांनी खिडक्या करायच्या, हिने पडदे शिवायचे. दुपारच्या चहाला दोघं स्वयंपाकघरात समोरासमोर बसत आणि ताई बोलत असे. ताईला बोलायला विषय लागत नाही, माणूस लागतो. दाजी हं म्हणत. आधी ऐकून म्हणत, मग अर्धंमुर्धं ऐकून, आणि पुढे पुढे तिचे ओठ थांबले की म्हणत. या कामात ते इतके पटाईत झाले की वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागला नाही. मग एकदा ताईने सांगितलं की शेजारीण जिन्यावरून पडली, पाय मोडला, आणि दाजी म्हणाले, "हं, बरं झालं." त्या दिवशी सगळं उघड झालं.

माझी भाची, म्हणजे त्यांची मुलगी, दूर नोकरीला असते. दाजींच्या साठाव्या वाढदिवसाला ती आली ती एक गिफ्ट कार्ड घेऊन. कानाची यंत्रं विकणाऱ्या दुकानाचं कार्ड, वर दोन फुलपाखरं. तिने पैसे आधीच भरले होते. बाबांनी फक्त जायचं, कान तपासून घ्यायचे आणि यंत्र लावून यायचं. हातात रोख दिले असते तर त्यांनी त्याचं सागवान आणलं असतं, हे ती ओळखून होती.

"कानामागे बसवतात," भाची मोठ्याने म्हणाली. "दिसतही नाही."

"तिथे माझी पेन्सिल असते," दाजी म्हणाले.

सगळे हसले. माणसं हसताहेत असं पाहून दाजींना चेव आला. "आणि आता या वयात ऐकण्यासारखं राहिलंय तरी काय?"

त्यावरही सगळे हसले. ताई कपांत चहा ओतत होती, ती हसली नाही. मी ट्रे धरून तिच्या शेजारीच उभी होते, त्यामुळे मला ते दिसलं. तीस-पस्तीस वर्षं जी बाई या माणसाशी रोज बोलत आली, तिला ते वाक्य लागणारच. दाजींना मात्र काही कळलं नाही. ताई बोलली नाही, आणि बोलली असती तरी त्यांना ऐकू आलं नसतं.

मग वर्षभर दाजींनी एकापेक्षा एक सरस कारणं काढली. शाळेच्या बाकांचं काम अंगावर आहे. उकाडा फार आहे, कानात घाम येतो. आधी मळ काढून घेतो, मग जातो. मळही काढला नाही. ताई आठवण करायची, ते मान डोलवायचे, आणि कार्ड स्क्रूच्या डब्यात सुखाने पडून राहायचं.

एका सकाळी ते स्वतःच डबा घेऊन घरात आले. चेहरा असा पाडलेला की कुणीतरी गेलंय असं वाटावं.

"अगं, याची मुदत संपली की! एकच वर्ष होती. कालच संपली."

कालच! चष्मा लावूनही ज्याला लाइटबिल वाचता येत नाही, त्या माणसाने कार्डाच्या मागची मुंगीएवढी अक्षरं बरोबर वाचली होती. पोरीचे पैसे वाया जातील याचं दुःख होतं, नाही असं नाही. पण सुटल्याचा आनंद त्याहून मोठा होता, आणि तो त्यांना लपवता येत नव्हता.

ताईने कार्ड घेतलं, हात धुतले आणि मला फोन केला.

आम्ही दोघीच गेलो. दुकान चकचकीत होतं. काउंटरवर प्लॅस्टिकचा एक भलामोठा कान ठेवलेला, आतले भाग रंगवलेले. दुकानदार तरुण, टाय लावलेला. धंद्याच्या सवयीने तो सगळ्यांशीच मोठ्याने आणि सावकाश बोलत होता.

"काकू! कार्डाची! मुदत! संपली आहे!"

"ओरडू नका, बहिरे आमचे हे आहेत, मी नाही," ताई म्हणाली. "मुदत संपली म्हणजे पैसे कुठे गेले?"

"पैसे कुठे जातील? ते आमच्याकडे जमा आहेत."

"यंत्रं आहेत?"

"आहेत ना."

"पैसे आहेत, यंत्रं आहेत, दुकान आहे. मग संपलं काय?"

त्याने प्लॅस्टिकच्या कानाकडे पाहिलं. कॉम्प्युटर हे कार्ड घेतच नाही, वरून तशी सेटिंग आहे, माझ्या हातात असतं तर, वगैरे म्हणाला. मुलगा उद्धट नव्हता. उद्धट असता तर बरं झालं असतं, मला दोन शब्द सुनावता आले असते.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, जाऊ दे ताई, दाजींना नकोच आहे ते. ती पायरीवर थांबली. "त्यांना नको असेल," ती म्हणाली. "मला हवंय."

ग्राहक तक्रार कार्यालय एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होतं. टेबलामागच्या बाईंना सडकून सर्दी झाली होती. रुमाल नाकाला लावूनच त्यांनी विचारलं, "तक्रार काय आहे?"

ताईने लग्नापासून सुरुवात केली. गोल करवत कधी घेतली, पिवळी झाकणं कशी टांगलेली राहिली, शेजारणीचा पाय, पेन्सिल, फुलपाखरं. मी टेबलाखालून तिला पाय मारला, दोनदा मारला. काही उपयोग झाला नाही. आणि त्या बाई ऐकत होत्या. मधेच शिंकत होत्या, पण ऐकत होत्या. "मग?" म्हणत होत्या, आणि ते "मग" अगदी बरोबर जागी येत होतं. ताईच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. मला तिची कीव आली आणि दाजींचा राग आला.

सगळं झाल्यावर बाईंनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं. "हे चालत नाही," त्या म्हणाल्या.

ताईचा चेहरा उतरला.

"कार्ड नाही हो, ही तारीख चालत नाही. कायदा बदललाय. गिफ्ट कार्ड विकल्यापासून निदान पाच वर्षं चालायलाच हवं. दुकानदाराने त्याच्या आतली तारीख टाकली तरी ती धरायची नाही. शिवाय तारीख टाकायची तर पुढच्या बाजूला, माणसाला वाचता येईल अशी. अशी फुलपाखरांच्या मागे लपवून नाही. आणि वापरलं नाही म्हणून आतले पैसेही कापायचे नाहीत."

"कायदा कधी बदलला? कार्ड गेल्या वर्षीचं आहे," मी विचारलं.

"त्याच्याही आधी."

त्यांनी तिथूनच दुकानात फोन लावला. पलीकडच्या मुलाने फार ताणलं नाही. नवा नियम त्याच्या कानावर होता, पण जुनी छापलेली कार्डं गठ्ठ्याने पडून होती, ती संपवून मग नवीन छापू असा त्याचा विचार होता. जुनं संपवल्याशिवाय नवं काढायचं नाही, हे आमच्याही घरात चालतं. पण आमच्या घरात त्यापायी दुसऱ्याचे पैसे बुडत नाहीत. बाईंनी त्याला हे जरा कडक शब्दांत सांगितलं आणि तो हो हो म्हणाला. कार्ड चालू झालं.

ताई घरी परतली ती थेट शेडमध्ये. दाजींनी रंधा थांबवला.

"कार्ड चालतं!" ती त्यांच्या कानाशी ओरडली. "कायदा आहे! पाच वर्षं चालतं!"

दाजींचा चेहरा आधी पडला. मग त्यांनी ओठांवरून पुन्हा खात्री करून घेतली. "पाच वर्षं?"

"हो! पाच!"

"मग घाई काय आहे?" दाजी म्हणाले, आणि रंधा परत फळीवर ठेवला.

मी शेडच्या दारात उभी होते. ज्यांनी कोणी तो कायदा केला त्यांनी विसराळू माणसाचा विचार केला असेल, कामात बुडालेल्याचा केला असेल, बारीक अक्षर न वाचणाऱ्याचा केला असेल. ज्याला भेट नकोच आहे अशा माणसाचा विचार करायचं त्यांना काही कारण नव्हतं. त्यांनी ताईचं कार्ड वाचवलं आणि दाजींना आणखी चार वर्षं बहाल केली.

ताईने कार्ड स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं. दाजी हात पुसत चहाला आले. ती त्यांच्याकडे पाठ करून पातेल्यात पाणी घेत होती. म्हणाली, "कार्डाला पाच वर्षं आहेत. माझ्यावर तारीख कुठे छापलीय?"

"काय?" दाजी म्हणाले.

"काही नाही."

त्यानंतर ताईने बोलणं बंद केलं. भांडण नाही, रुसवा नाही. चहा वेळेवर, जेवण वेळेवर, पडदेही चालू. फक्त बोलणं नाही. मी दोन-तीनदा गेले तर टेबलाशी नुसता चमच्यांचा आवाज. दाजी तिच्या ओठांकडे बघत बसायचे. ओठ हलतच नव्हते, त्यामुळे हं कुठे म्हणावं हे त्यांना समजेना. मधेच एकदा त्यांनी उगाच हं म्हणून पाहिलं.

शेवटी माझाच संयम संपला. मी शेडमध्ये गेले, करवतीचं बटण बंद केलं, दाजींच्या कानामागची पेन्सिल काढून घेतली आणि तिथे तोंड नेऊन ताईचं ते वाक्य शब्द न् शब्द ओरडून सांगितलं. वाढदिवसाला ते स्वतः काय बोलले होते, तेही सांगितलं. मोठ्या दाजींशी असं वागू नये, ठाऊक आहे मला.

दाजी बराच वेळ हातातल्या फळीवरून अंगठा फिरवत राहिले. मग हात पुढे करून त्यांनी पेन्सिल परत मागितली.

पुढच्या आठवड्यात इस्त्रीचा शर्ट घालून ते एकटेच दुकानात गेले आणि यंत्र लावून आले.

गोष्ट इथे संपायला हवी होती, पण ताईने वेगळाच घोळ घातला. तिला काही बोलताच येईना. "सगळं ऐकतात गं," ती मला फोनवर म्हणाली. "परवा मी आपली कपाटाशी पुटपुटत होते, तर मागून म्हणाले, 'असं होय?' माझी तर वाचाच बसली. एवढी वर्षं मनाला येईल ते बोलले, ह्यांच्यासमोर ह्यांनाही बोलले. आता काय बोलू?" आणि ती खरोखरच गप्प झाली. इतकं धावून मिळवलेलं यंत्र लावून दाजी तिच्यासमोर बसत, आणि ती पैसे मोजल्यासारखे चार शब्द बोलून उठे.

पंधरा दिवसांनी चहाच्या वेळी गेले तर बाहेरूनच ताईचा आवाज ऐकू आला. अस्तराचं कापड कसं फसवं निघालं, गिऱ्हाईक कसं नाक मुरडून गेलं, आणि घरातल्या पुरुषाला काडीचा उपयोग नाही, हे सगळं एका दमात चाललं होतं. दाजी समोर बसून, ती थांबली की हं म्हणत होते.

"यंत्र?" मी ताईला विचारलं.

"नाही घालत," ताई म्हणाली. तिने टेबलावरच्या यंत्राच्या डबीकडे हात केला. "कानात शिट्टी वाजते म्हणे. रोज चहाला आले की काढून ठेवतात. एवढे जिने चढले मी, सगळं पाण्यात." पण तिच्या आवाजात राग नव्हता, आणि पुढच्याच श्वासाला ती अस्तराच्या कापडावर परत आली.

कप ठेवायला जागा हवी म्हणून मी डबी उचलली. ती फारच हलकी लागली. बोटाने झाकण जरासं वर केलं. आत काही नव्हतं.

मी दाजींकडे पाहिलं. त्यांच्या कानामागे नेहमीसारखी पेन्सिल होती आणि पेन्सिलीखालून एक बारीक पारदर्शक नळी कानात गेली होती. ताई सांगत होती की त्या गिऱ्हाइकाने पडद्याला हातसुद्धा लावून पाहिला नाही. दाजींनी माझी नजर ओळखली. त्यांनी हात वर नेला, पेन्सिल थोडी खाली सरकवून नळी झाकली, आणि ताईला म्हणाले, "काय?"

ताईने पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगायला घेतलं.