पक्क्या नोकरीचे रोडगे

साध्या प्रश्नाला साधं उत्तर मिळू नये, एवढ्याचसाठी देवानं माझ्या मावसभावाला जन्माला घातलं असावं. आमच्या गावच्या, बोरी अरबच्या शाळेतून निघालेला हा भौतिकशास्त्रज्ञ जर्मनी, जपान, कॅनडा असा वर्षानुवर्षं फिरतोय. दर दोन-तीन वर्षांनी नवा देश, नवं विद्यापीठ, आणि नोकरी मात्र तात्पुरतीच. गावाला उत्तरं द्यायची मी. "तुमचा भाऊ अजून शिकूनच राह्यला का?" असं टपरीवर कुणी विचारलं की माझा चहा कडू होतो. बरं, स्वतः याला सांगता येईल तर शपथ! एका मुलीच्या वडिलांनी फोनवर सरळ विचारलं, "नोकरी पक्की हाय का?" हो म्हणून मोकळं व्हावं की नाही? यानं त्यांना अर्धा तास शक्यता समजावून सांगितल्या. "म्हंजे नाईच ना?" म्हणून त्यांनी फोन ठेवला. मी भडकलो, तर म्हणतो कसा, "त्यायचं बरोबर हाय गा, फक्त थोडी घाई झाली."

मावशीनं शेवटी मारोतीला साकडं घातलं. पोराची नोकरी पक्की होऊ दे, गावाला रोडगे खाऊ घालीन.

यंदा मारोती पावला. कॅनडात प्राध्यापक, कायमचा! मावशीनं त्याला नवस फेडायला बोलावून घेतलं. शेतात गोवऱ्या पेटल्या, वांग्याची भाजी रटरटू लागली. मी निखाऱ्यातले कणकेचे गोळे उलटायला गेलो, तर शास्त्रज्ञांनी माझा हात धरला. उष्णता आत कशी शिरते ते मला कळत नाही म्हणे. ते यानं समजावून सांगेपर्यंत रोडगे वरून कोळसा आणि आतून कच्चे. पंगत ताटकळली, लोक मलाच हसले.

सगळे गेल्यावर मावशी बांधावर एकटीच बसली होती. तिच्या पानातलं तसंच होतं. मी विचारलं, तर म्हणाली, "कच्ची नोकरी व्हती तवा वाटे, आज ना उद्या पोरगा इकडंच येईन. आता तो तिकडचाच झाला ना बापू? अन् हे म्याच मांगतलं मारोतीले." मग तिनं हळूच विचारलं, "उलटा नवस बोलता येते का रे?"

 पलीकडे तो शहाणा वाकून पत्रावळी गोळा करत होता. मला त्याचा फार राग आला, आणि त्यानं जाऊ नये असंही फार वाटलं.