नटाची पत्रं आणि हँडबिलं

२००४ साली अमेरिकेत ॲन आर्बरमध्ये माझ्या रोजच्या ओळखीचा एकच माणूस होता, आणि तो मरून शंभराहून जास्त वर्षं झाली होती.

तो इंग्रज नट होता. नवरा सकाळच्या बसने ऑफिसला गेला की मी युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत जायचे आणि तळघरातल्या एका खोलीत या नटाची पत्रं कॉम्प्युटरवर टाईप करायचे. फुकट. माझ्या डिपेंडंट व्हिसावर पगार घ्यायची परवानगी नव्हती, फुकट राबायला मात्र कोणाची हरकत नव्हती. नागपुरातली बँकेची पक्की नोकरी सोडून मी हे दिवे लावत होते.

बाबांनी त्या राजीनाम्याला कडाडून विरोध केला होता. आई माझ्या लहानपणीच गेलेली. मी आपल्या पायावर उभी राहावी म्हणून बाबांनी एकट्याने काय काय केलं ते मला माहीत होतं. त्यामुळे लायब्ररीत जायला लागल्यावर मी फोनवर ठोकून दिलं, "बाबा, युनिव्हर्सिटीत नोकरी लागली." त्यांनी कॉलनीत पेढे वाटले. झालं, आता माघार कशी घेणार? पुढची दोन वर्षं मी दर रविवारी त्या नोकरीत भर घालत गेले. तिला बढती दिली, एक खडूस बॉस दिली, एका ख्रिसमसला बोनससुद्धा देऊन टाकला.

खरं सांगायचं तर मी फार एकटी होते. ग्रंथपाल बाई सकाळी गुड मॉर्निंग म्हणायच्या, संध्याकाळी सी यू. कित्येक दिवस या दोन्हींच्या मध्ये माझ्या तोंडातून शब्द निघालेला नसायचा. नवऱ्याला सांगितलं तर तो लॅपटॉपमधून डोकं वर न काढता म्हणायचा, "यार, काहीतरी जॉइन कर ना." मी नटाला जॉइन झाले होते.

हा गडी हातमोजे शिवणाऱ्याचा मुलगा. सतराव्या वर्षी फिरत्या नाटक कंपनीबरोबर पळाला. दहा वर्षं इंग्लंडमधल्या लहान लहान गावांत धान्याच्या कोठारांतून कामं केली. पहिल्या अंकात राजा, तिसऱ्यात त्याच राजाला पुरणारा मजूर. मग लंडनच्या एका मोठ्या थिएटरात शिरकाव झाला, पण तिथे नामांकित नटांच्या मागे भाला धरून उभं राहणं नशिबी आलं. चाळिशीत एका मॅनेजरने अमेरिकेतला एक सीझन देऊ केला. बायको आणि दोन मुलींना मागे ठेवून तो जहाजात बसला. एका सीझनची नऊ वर्षं झाली. कुठल्यातरी नदीकाठच्या गावात, भाड्याच्या खोलीत, न्यूमोनियाने गेला. परत गेलाच नाही.

त्या नऊ वर्षांत त्याने बायकोला जी पत्रं लिहिली, त्यांत नुसत्या टाळ्या. पण पत्रांच्या त्याच खोक्यात त्या त्या गावच्या खेळांची हँडबिलंही होती, प्लॅस्टिकच्या पाकिटांत. पहिल्या वर्षी त्याचं नाव सगळ्यात वर, बोटभर उंच अक्षरांत. मग चौथ्या ओळीत. मग भिंग घेऊन शोधावं इतकं बारीक. शेवटच्या हँडबिलावर तो 'दुसरा नोकर' या भूमिकेत होता, आणि त्याच आठवड्यातल्या पत्रात लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन मिरवलं होतं. लबाड मेला! मी मोठ्याने हसले. त्या दुपारी डबा मात्र तसाच घरी परत नेला.

२००६च्या उन्हाळ्यात बाबा सहा महिन्यांसाठी आले. तिसऱ्याच दिवशी म्हणाले, "तुझं ऑफिस दाखव."

मी टाळाटाळ केली, पण दुसऱ्या सोमवारी न्यावंच लागलं. छातीवरचा व्हॉलंटिअरचा बिल्ला दारातच काढून पर्समध्ये टाकला. बाबांनी ट्रेझरीच्या नोकरीत असताना तीस वर्षं हौशी नाटकांचं प्रॉम्प्टिंग केलेलं. नट म्हटल्यावर ते खुर्ची ओढून बसलेच. माझी टाईप केलेली पत्रं आणि मूळ हँडबिलं शेजारी शेजारी मांडून बाबा दुपारपर्यंत वाचत राहिले.

"हा तर बायकोला चक्क खोटं लिहून राहिला," ते म्हणाले.

"हो ना. नऊ वर्षं. आणि ती बिचारी विश्वास ठेवत बसली."

"हे खोकं आलं कुठून?"

"तिच्याच घरातलं. तिची पणती इकडे स्थायिक झाली, तिने लायब्ररीला दिलं."

"पत्रं त्याने पाठवली. मग हँडबिलं कोणी पाठवली?"

बाबांनी एक पाकीट उलटं केलं. हँडबिलाला चार घड्या पडलेल्या होत्या आणि मागे बायकोचा लंडनचा पत्ता होता. अक्षर नटाचं नव्हतं. आम्ही सगळी उलटून पाहिली. सगळ्यांवर तेच अक्षर. कंपनीतलं कोणीतरी गावोगावहून ती तिला धाडत होतं. मला काम फक्त पत्रांचं होतं, त्यामुळे दोन वर्षांत मी त्यांची पाठ कधी पाहिलीच नव्हती.

"तिला सगळं ठाऊक होतं," बाबा म्हणाले.

"मग तिने जाब का नाही विचारला?"

"विचारला असता तर पत्रं बंद झाली असती."

मला एकदम रडू फुटलं. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने वळून पाहिलं. "बाबा, मला इथे पगार नाही," मी म्हणाले. "ही नोकरीच नाहीये. मी तुम्हाला खोटं सांगितलं."

"माहीत आहे." बाबा हँडबिलं पाकिटांत नीट सरकवत होते. "पेढे घेतानाच शेजारच्या काकूंनी सांगितलं होतं. त्यांची सून त्याच व्हिसावर आहे."

"आणि दोन वर्षं तुम्ही निमूट ऐकून घेतलंत? मला रागवायचं होतं ना!"

"रागावलो असतो तर तू लाजून फोन कमी केले असते," ते म्हणाले. "आणि मग त्या घरात माझ्याशी बोलणारं दुसरं होतं कोण?"