नायकणीचं बजेट

दिल्लीत बजेट मांडलं जायचं, त्या संध्याकाळी नायकण चूल पेटवत नसे. फेब्रुवारीचा शेवटचा दिवस आला की पीठ परातीत तसंच, तवा भिंतीला टेकलेला, आणि बाई कोरडा नाला ओलांडून आमच्या गावच्या पंचायतीत रेडिओपुढे फतकल मारून बसलेली. "दिल्लीवाला पह्यले कोन्तं भांडं चुलीवर ठेवते थे पाहू दे. मंग माह्यं ठेवीन." तिचा नवरा, म्हणजे तांड्याचा नायक, भुकेने कावून मागोमाग यायचा आणि दारातूनच ओरडायचा, "बजेट दिल्लीचं आन् उपास माह्या! काहून वं?" सगळी पंचायत हसायची. नायकण मान वळवूनसुद्धा बघत नसे.

मी तेव्हा तिकडे ग्रामसेविका होते. पुसदला शिकलेली, चार बुकं जास्त वाचल्याचा तोरा, आणि राग सदा नाकाच्या शेंड्यावर. आमचा जिल्हा आधी मुंबई राज्यात गेला, मग महाराष्ट्रात आला. पाट्या बदलल्या, साहेब बदलले, माझं काम मात्र तेच राहिलं: गावोगाव हिंडून पंचवार्षिक योजना समजावून सांगायची. बोरी अरबच्या बाजारापासून आत एक कास्तकारांचं गाव, तिथे माझी खोली. गावाच्या कडेने नाला, आणि नाल्यापलीकडे बंजाऱ्यांचा तांडा. एके काळी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरणारी ही माणसं आता कापूस आणि तूर पेरत होती. नायकणीचं खरं नाव मी कधी विचारलं नाही. गावाला ती नायकण, तांड्याला याडी, म्हणजे आई. मी दोन्ही म्हणत असे.

योजनेची चित्रं घेऊन मी पहिल्यांदा तांड्यात गेले तेव्हाच तिने मला घाम फोडला. मोठी धरणं, पोलादाचे कारखाने, सगळं मी तोंडपाठ केलेलं. बाकीच्या बाया माझ्या साडीकडे बघत होत्या. ही चित्राकडे. कारखान्यावर बोट ठेवून म्हणाली, "हे पह्यले काहून? दवाखाना पह्यले काहून नाई?" मी गडबडले, काहीतरी देशाच्या प्रगतीचं बोलले. मग माझ्या वतीने तीच उत्तर देऊन मोकळी झाली. "बराबर आहे. लोखंड नसलं तं कुदय कायची बनवान, आन् कुदय नसली तं दवाखान्याचा पाया कोन खंदन?" सरकारची बाजू सरकारपेक्षा चांगली मांडणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. पण एकदा बाजू घेतली म्हणून गप्प बसेल तर ती नायकण कसली!

बजेटच्या दुसऱ्या दिवशी तिचं स्वतःचं बजेट. कडुलिंबाखाली तांड्यातल्या सगळ्या बाया गोळा करायची आणि एकेकीला विचारायची, या साली काय पाहिजे. कुणी विहिरीला कठडा म्हणे, कुणी शाळेवर कौलं, कुणी नवऱ्याची दारू सुटली पाहिजे म्हणे. नायकण सगळ्यांचं ऐकून घ्यायची आणि मग एकच गोष्ट धरायची. बाकीच्या चिडल्या की म्हणायची, "सगळंच पह्यले म्हनलं का कायबी होत नाई." आणि धरलेली गोष्ट ती वर्षभर सोडत नसे. कठडा झाला तो असा. शाळेवर कौलं चढली तीही अशीच, हेडमास्तरांच्या डोक्याचा पार भुगा करून.

पण एक गोष्ट राहिली होती. रपटा. नाल्यावर दगडांची बुटकी फरसबंदी घातली की पूर थोडा उतरताच वरून गाडी जाते, तो रपटा. मी तिकडे यायच्या आधी तिची थोरली लेक सेवंती बाळंतपणाला माहेरी आलेली. ऐन श्रावणात कळा सुरू झाल्या, आणि दवाखान्याला निघालेली गाडी नाल्याच्या काठावर सकाळपासून उभी राहिली. पाणी उतरलं तोवर सेवंती गेली, पोटातलं बाळही गेलं. हे मला दुसऱ्यांनी सांगितलं. नायकण त्यावर अवाक्षर बोलत नसे. फक्त एका साली कडुलिंबाखाली म्हणाली, "आता रपटा." मी अर्ज लिहिले, ती अंगठे गोळा करत गेली, आणि विकास गटाच्या आराखड्यात आमचा रपटा लागला! मी इतकी हरखले की तांडाभर गूळ वाटला.

मग चीनची लढाई झाली. पुढच्या बजेटात सगळा जोर फौजेवर आला. रेडिओवर तेच, रॉकेल महाग झालं तेही त्याच्याचपायी. रपट्याचं काम स्थगित झाल्याचा हुकूम घेऊन मीच तांड्यात गेले. जीव नुसता जळत होता. दिल्लीपासून बीडीओपर्यंत सगळ्यांना मी शिव्या घातल्या. नायकण म्हणाली, "चूप वं बाई. घरात चोर शिरला तं पह्यले काठी धराव का सडा टाकाव? त्याईनं बराबर केलं." संरक्षण निधीला तिने पायातली चांदीची कडी आधीच काढून दिली होती. मग म्हणाली, "पन पैसा नाई म्हने सरकार. दगडं नाई असं कोठं म्हनलं? हात नाई असं कोठं म्हनलं?" तिची धाकटी सून जमनी तेव्हा पोटुशी होती. दिवस श्रावणात भरणार होते.

होळी आली. तांड्याची होळी म्हणजे काय विचारता! आरशांचे घागरे, लेंगीची गाणी, आणि रस्त्याने जाणाऱ्या कुणालाही अडवून फगवा मागायचा. दिल्याशिवाय सुटका नाही, तो मान आहे. नेमकी त्याच दिवशी बीडीओ साहेबांची जीप गावातून निघाली. पुढे साहेब आणि गावचे पाटील, मागे मी आणि नवा कोवळा ओव्हरसियर. बायांनी जीप घेरली. साहेबांनी हसत नोट काढली.

"पैसा नोको सायेब," नायकण म्हणाली. "पैशाचं काम सरहद्दीवर आहे. फगव्यात आमाले हा मानूस द्या." आणि तिने बोट दाखवलं ते थेट ओव्हरसियरकडे. त्याचं नुकतंच लग्न झालेलं. बिचारा माझ्या पाठीमागे दडला.

"हा कशाला?"

"रपटा बांधाले."

"काम स्थगित आहे, बाई. वरून हुकूम आहे."

"तुमचं काम थांबलं. आमचं कोनं थांबवलं? दगडं आमचे, हात आमचे. दगड कसा बसवाव, थे सांगाले मानूस पाह्यजे."

"असं नियमात बसत नाही."

"होळीत मागतलेल्याले नाई म्हनाव, हे आमच्या नियमात बसत नाई," ती म्हणाली आणि बायांनी पुन्हा लेंगी सुरू केली. आता गाण्यात साहेबांचं नाव, जीपचं नाव, साहेबांच्या टोपीचंही नाव! ऊन चढलं, साहेबांची कॉलर ओली झाली, पाटील रुमालाने वारा घेऊ लागले. शेवटी साहेब म्हणाले, "रविवारी सुट्टी असते. सुट्टीत हा कुठे जातो ते मी विचारत नाही."

जीप सुटली असं वाटलं तोच नायकण पाटलांकडे वळली. "पाटील, आता तुमी. बैलबंड्या द्या दगडं वाहाले."

"म्या कायले देऊ? रपटा तुमच्या तांड्याचा."

"आषाढात तुमच्या वावरात निंदाले कोन येते? नाल्याले पूर आला का तुमचंबी निंदन तसंच पडून राह्यते ना!"

पाटलांनी गाणाऱ्या बायांकडे पाहिलं. मग म्हणाले, "घेऊन जा बापा दोन बंड्या. आन् हे गानं बंद करा."

तांडा कामाला लागला. सकाळी घरटी एक माणूस, टेकडीवरचे दगड, तांड्यानेच लावलेली चुन्याची भट्टी. ओव्हरसियर रविवारी दोरी घेऊन यायचा. पुढेपुढे तर बायकोलाही घेऊन येऊ लागला. कामाला उशिरा येणारीला नायकण रागवत नसे, तिच्यावर लेंगी रचत असे. उशीर करणं आपोआप बंद झालं. माझ्या हातांना फोड आले, मी कुरकुरले, तर माझ्यावरही एक झाली. ती मी इथे सांगणार नाही.

मृगाच्या तोंडावर आभाळ फाटलं आणि पलीकडची बाजू वाहून गेली. मी तर काठावर बसून सरळ भोकाड पसरलं. "राहू दे याडी. पुढच्या साली पाहू."

"पुढच्या साली?" ती माझ्यावर कडाडली. "मंग जमनीच्या पोटाले सांग, सालभर थांब म्हना! नाल्यानं कच्चं कोठं होतं थे दाखवलं. उठ!" चिखलात उतरून तिने पहिला दगड उचलला. मी डोळे पुसले, दुसरा उचलला. उघडीप मिळेल तसतशी ती बाजू आम्ही पुन्हा बांधली, आधीपेक्षा रुंद.

पुढे माझी बदली मुकुटबनकडे झाली. नायकण गेल्याचं मला फार उशिरा कळलं, आणि घरातलं माणूस गेल्यासारखी मी रडले. आजही बजेट आलं की लोक विचारतात काय स्वस्त, काय महाग. मी वाचत जाते ते आधी कुणाला वाढलं आणि पंगतीत कोण शेवटी बसलं, एवढंच. ही खोड तिची.

पण ती म्हटली की मला दिसते ती त्या श्रावणातली. दोन दिवस संततधार. जमनीला पहाटे कळा सुरू झाल्या. निरोप मिळताच मी नाला ओलांडून गेले होते. गाडी काठावर आली तेव्हा रपट्यावरून पोटरीभर पाणी वाहत होतं, गढूळ, जोराचं. नायक बैलांपाशी, आत जमनीचा हात धरून मी. नायकण पुढे, काठीने रपट्याची कड चाचपत. मधोमध बैल बिचकले. नायकाने विचारलं, "फिरवू का?" तिने बैलाची वेसण धरली आणि एकेक पाऊल टाकत राहिली. आमचा एकही दगड हलला नाही. चाकं पलीकडच्या मातीला लागली.

नायक म्हणाला, "बस आता गाडीत." ती बसली नाही. पाण्याकडे तोंड करून उभी राहिली. इतक्या वर्षांत तिच्या तोंडून मी जे नाव ऐकलं नव्हतं ते नाव घेऊन, पलीकडच्या काठावर उभ्या माणसाला मारावी तशी तिने हाक मारली:

"सेवंती! आलो वं पोरी, पलीकडं आलो!"

मग गाडीत चढली, जमनीचं डोकं मांडीवर घेतलं आणि नवऱ्यावर खेकसली, "रडता कायले? हाका ना बैलं!"