मधल्या खोलीची भुई

घराची पारख भिंतीवरून करणारे पुष्कळ भेटतात, दारावरून करणारेही भेटतात. पण घराची, घरातल्या माणसांची आणि त्यांच्या पुढच्या दोन पिढ्यांची पारख नुसत्या जमिनीवरून करणारा माणूस उभ्या मध्यप्रांतात एकच झाला, आणि तो आमच्या हिचा मामा होता. मामा कुणाच्याही घरी गेले की उंबरठ्याच्या आत आल्यावर डोळे मिटून क्षणभर उभे राहत. लोकांना वाटे, म्हातारा देवाचं नाव घेतोय. मामा तळपायांनी जमीन वाचत असत. मग डोळे उघडून ते यजमानाच्या चेहऱ्याकडे असं काही बघत, की तो बिचारा आपलं काय उघडकीला आलं या विचारानं चहा सांगायला विसरे.

त्यांचा सगळा जन्म सरकारी मोजणीत गेला होता. नागपूरजवळच्या कुहीकडच्या धानाच्या बांधांवरून साखळी ओढत ते तीस वर्षं फिरले, आणि कंबरेत वाकून चालायची सवय पेन्शन लागल्यावरही सुटली नाही. रस्त्यानं चालताना त्यांची नजर कायम खाली असे. सीताबर्डीच्या भर बाजारात मी त्यांना तीनदा नमस्कार केला आणि तिन्ही वेळा त्यांनी मला ओळखलं ते माझ्या जोड्यांवरून. मला मुलगी द्यायची की नाही हे ठरवायला जी मंडळी आमच्या महालातल्या घरी आली होती, त्यांत मामा होते. बाकीच्यांनी माझी नोकरी विचारली, शिक्षण विचारलं. मामांनी ओसरीच्या सारवणावरून हात फिरवला आणि सगळ्यांदेखत निकाल दिला, "सारवणात कुठं जोड नाही. म्हणजे सारवता सारवता कोणी अर्ध्यावरून उठून गेलं नाही. या घरात भांडण नाही जी, पोरगी द्याले हरकत नाही." वास्तविक त्या दिवशी पहाटेच माझ्या आईचं आणि काकूचं असं वाजलं होतं, की काकूनं सारवणाला हातच लावला नव्हता. जोड नव्हता तो त्यामुळे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ही गोष्ट मी मामांना कधी सांगितली नाही.

धंतोलीत मी घर बांधलं तेव्हा माझं मास्तरकीचं डोकं जरा फिरलं होतं हे कबूल करतो. शेणामातीच्या घरात जन्म गेला, आता आपल्या घराला फरशी पाहिजे, आणि तीही साधी नाही, घासून गुळगुळीत केलेली, तोंड दिसेल अशी. गवंड्यानं सुचवलं असं मी पुढे सगळ्यांना सांगत असे, पण सुचवलं मीच होतं. वास्तुशांतीच्या दिवशी पहिला गोंधळ आईनं केला. न सारवलेल्या जमिनीवर देव बसवायचा ही कल्पनाच तिला सोसवेना. पहाटे कुणी उठायच्या आत तिनं चांगलं घमेलंभर शेण कालवून माझी चकचकीत फरशी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सारवून काढली. दगडावर शेण धरतंय कशाला! नऊ वाजेपर्यंत ते वाळून पापडासारखं सुटायला लागलं आणि जेवायला आलेल्या पाहुण्यांच्या तळव्यांना चिकटून घरभर फिरलं. मी खरवडत होतो, आई रडत होती, भटजी पाय उचलून मंत्र म्हणत होते. एवढ्यात मामा आले. नेहमीप्रमाणे डोळे मिटून उभे राहिले. बराच वेळ राहिले. मग मला बाजूला घेऊन त्यांनी एवढंच विचारलं, "जावईबापू, लेकरं बसतील कुठं?"

"इथंच. एवढी मोठी जागा आहे की."

"अन् पडतील कुठं?"

मी हसलो. चारचौघांत हा किस्सा मी सांगितलाही. 'मामांना घरात पडायची जागा वेगळी लागते' असं म्हणून शाळेतल्या मास्तरमंडळींना हसवलं.

आमची धाकटी सुमी पडली तेव्हा अकरा महिन्यांची होती. आमचे दोघे थोरले, सहा आणि चार वर्षांचे, फरशीवर घसरगुंडी खेळत खेळतच वाढत होते, त्यामुळे मला कधी काळजी वाटली नव्हती. सुमी दाराला धरून उभी राहिली, दार सोडलं, दोन पावलं टाकली आणि तिसऱ्याला पाय निसटून तोंडावर आपटली. कपाळाला टाके पडले. जखम आठ दिवसांत भरली, पण सुमीनं जमीन सोडली ती सोडलीच. कडेवर हसायची, खाटेवर खेळायची; खाली ठेवली की पाय पोटाशी घेऊन अशी किंचाळायची की शेजारच्या बाया धावत येत. वीस महिन्यांची झाली तरी पोर उभी राहीना. डॉक्टर म्हणाले, पायांत दोष नाही. आई म्हणाली, दृष्ट लागली. आमची ही काहीच म्हणाली नाही. दिवसभर पोरीला कडेवर घेऊन ती त्या चकचकीत फरशीवरून वावरत असे, आणि मला तिच्याकडे बघवत नसे, कारण फरशी मी पसंत केली होती.

ही हकीकत मामांच्या कानावर गेली त्याच्या दुसऱ्याच रविवारी आमच्या दारात टांगा उभा राहिला. टांग्यात मामा दिसतच नव्हते. दिसत होत्या त्या नुसत्या गुंडाळ्या. चटया, सतरंज्या, जाजमं, घोंगड्या, तरटाचे तुकडे, आणि सगळ्यांत खाली कुण्या मालगुजाराकडून मागून आणलेला एक गालिचा. हे सगळं उतरवून घेतल्यावर मामांनी कोट काढला, टोपी काढली, धोतर गुडघ्यावर खोचलं आणि पासष्ट वर्षांचा तो माणूस माझ्या दिवाणखान्यात रांगायला लागला. "लेकराच्या उंचीवरून पाह्य ना वं," ते रांगता रांगता हिला सांगत होते. "उभं राहून अंथरूण पसंत करणारा माणूस म्हणजे गावाले न जाताच मोजणी लिहून टाकणारा पटवारी." थोरले दोघे तत्काळ त्यांच्या पाठीवर बसले. अशा स्थितीत आमचे हेडमास्तर सहज म्हणून आले. मी ओळख करून दिली. मामांनी रांगतच त्यांना रामराम केला आणि त्यांचे जोडे हुंगल्यासारखं जवळून बघून म्हणाले, "साहेब, तुमची डावी टाच झिजून राहिली. घरी जमीन उतरती हाये काय जी?" हेडमास्तर बसले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी शाळेत मला कोपऱ्यात घेऊन त्यांनी कबूल केलं की न्हाणीकडं उतार आहे खरा.

पुढचे सहा रविवार आमच्या घरात अंथरुणांची परीक्षा चालली. प्रत्येक अंथरुणावर मामा आधी रांगत, मग गाल टेकून झोपत, मग उठून निकाल सांगत. शिंदीची चटई गेली, कारण मामांच्या गालावर तिची वीण उमटली आणि पोरांनी तिच्या काड्या ओढून तलवारी केल्या. काथ्याच्या चटईनं गुडघे सोलले, म्हणजे मामांचे. घोंगडीबद्दल ते म्हणाले, "लय मायाळू हाये, पण नागपूरच्या वैशाखात असली माया जीव घेईन." जाजम पसरताच पोरांनी त्याचं एक टोक धरून एकमेकांना ओढत नेलं, त्यामुळे ते बाद झालं. गालिच्यावर तर ते पुरते झोपलेसुद्धा नाहीत. "हा पाहुण्यासाठी असते. यावर लेकरू मुतलं त सारं घर लेकरावर ओरडते. ज्याच्यावर मुतता येत नाही ते लेकराचं अंथरूण नोहे," असं म्हणून त्यांनी तो गुंडाळला. शेवटी जेलमधल्या कैद्यांच्या हातची घट्ट विणीची सतरंजी त्यांना पटली. ऊब बेताची, वीण दाट, धुतली की नवी.

यात एक गोष्ट मी मागाहून पाहिली. प्रत्येक गुंडाळीचा वीतभर तुकडा मामा सुमीच्या खाटेवर ठेवून जात. आठवडाभर तो तिच्या पायाशी असे. पुढच्या रविवारी आले की ते हिला विचारत, "हा लाथाडला का वं तिनं? का जवळ घेतला?" घरात सगळे सुमीबद्दल बोलत होते, तिचं मत विचारणारे मामा एकटेच होते.

पण सतरंजी पडली तीही त्या फरशीवर. पोरं धावली की ती सरके, सुरकुती पडे. सुमीला तिच्यावर ठेवलं, तेवढ्यात थोरला धावत आला आणि सतरंजी सुमीसकट हातभर सरकली. पोरीनं जो टाहो फोडला तो ऐकून मामांचा चेहराच उतरला. ते कितीतरी वेळ सतरंजीची कड हातात धरून बसले. मग म्हणाले, "दोष अंथरुणाचा नाही जी जावईबापू. खालचा हाये." आणि माझ्याकडे न बघता पुढं म्हणाले, "मधल्या खोलीची फरशी काढा लागते."

शेजारीपाजारी ज्या फरशीत तोंड बघून गेले होते ती उखडायची, आणि खाली पुन्हा माती! ज्या मातीतून वर आलो असं मी समजत होतो तीच! काहीतरी सबब शोधत होतो, तेवढ्यात आमची ही, जी इतक्या महिन्यांत या विषयावर एक अक्षर बोलली नव्हती, सुमीला या कडेवरून त्या कडेवर घेत म्हणाली, "काढा."

गवंडी तोच बोलावला. त्याला वाटलं फरशीला तडा गेला. "काहून काढता जी? फुटली काय?" त्यानं विचारलं. मामा म्हणाले, "फरशी कायले फुटते गा? लेकराचं डोकं फुटलं." गवंडी पहार घेऊन बसला. मामांनी कुहीकडच्या एका ओळखीच्या बांधावरची माती बैलगाडीनं आणवली. ती चाळली, जिभेवर ठेवून पाहिली, धानाचा कोंडा घालून पायांनी तुडवली. खाली मुरूम, वर ही माती, आणि मग दोन दिवस चोपण्यानं धपाधप चोपणं. आई तर पदर खोचून अशी उभी राहिली की वास्तुशांतीचा सगळा राग निघाला. सारवलं तिनं आणि हिनं मिळून, एका दमात, आणि मामांनी हात फिरवून खरोखरच जोड नसल्याची खात्री केली. पंधरा दिवस त्या खोलीत कुणी पाय ठेवायचा नाही असा हुकूम होता. थोरल्या दोघांनी तो पाळला, मला मात्र मामांनी दोनदा हटकलं.

सोळाव्या दिवशी सुमीला आत ठेवली. वर काही अंथरायचं नाही, असं मामा म्हणाले. इतके रविवार ज्यांच्यावर गाल घासला त्या सगळ्या गुंडाळ्या बाहेर ओसरीवर पडून होत्या. मामा पलीकडच्या भिंतीशी मांडी घालून बसले. हिनं पोरीला हाक मारायला तोंड उघडलं तसं त्यांनी बोट ओठांवर ठेवलं. "बलावू नको वं. लेकरू तुझ्या बलावण्यानं नाही येत. भुईनं धरलं म्हणजे येते." सुमी रडली, पण थोडी. दुसऱ्या दिवशी तिनं नखानं जमीन उकरली आणि मातीचा कण तोंडात घातला; मामांनीही तेवढाच उकरून आपल्या तोंडात घातला, म्हणजे दोघांचं जमलं. मामा रोज येऊ लागले. रोज दुपारी ते दोघं त्या खोलीत समोरासमोर बसत. चौथ्या दिवशी ती रांगली. रांगताना तिच्या पायांची बोटं मातीला कशी धरतात ते मामा मला खुणेनं दाखवत, आणि मी दाराआडून बघे. इतकी लहान बोटं इतकं घट्ट धरू शकतात हे मला ठाऊक नव्हतं.

आज मामा नाहीत. त्यांच्या पोरांपैकी एक रायपूरला होता, एक जबलपूरला, आणि मुलगी तर पार बिलासपूरकडे दिलेली. या तिघांच्या पायाखाली काय काय अंथरलं होतं ते मामा मला तपशिलानं सांगत असत. मला ते ऐकताना हसू येई. आता तसं येत नाही.

सुमी रांगायला लागली त्यानंतरच्या एका दुपारी मामा आणि ती तशीच समोरासमोर बसली होती, आणि अंगणात थोरल्या दोघांचा काही दंगा चालला होता. सुमीनं तिकडं मान वळवली, दोन्ही हात जमिनीवर टेकले आणि कशालाही न धरता उभी राहिली. ती मामांच्या रोखानं निघाली. मामांनी हात पुढं केले. ती डुलत डुलत आली, त्यांच्या हातांच्या जवळून गेली, थांबली नाही, आणि सरळ दाराकडं चालत गेली. उंबरठ्यावर बसून खाली सरकली, पलीकडं पुन्हा उठली आणि अंगणात शिरली. मग जी आरडाओरड झाली ती काय सांगू! आई, ही, पोरं, सगळे तिच्या मागं. मीही दारापर्यंत धावलो.

खोलीत मामा एकटेच उरले होते. हात अजून तसेच पुढं होते.

"कुठपर्यंत गेली जी?" त्यांनी आतून विचारलं.

"तुळशीपर्यंत. पुढं जाऊन राहिली... पडली, मामा!"

"मंग?"

मी बघत होतो. हिनं धावून उचलायला हात पुढं केले होते, पण त्याच्या आतच सुमी मातीला हात टेकून ढुंगण वर करून उभी राहिली होती.

"उठली."

"रडली काय?"

"नाही."

मामांनी हात खाली घेतले. थोडा वेळ ते शेजारची भुई तळहातानं नुसती चाचपत राहिले.

"मंग आता मले उठवा जी," ते म्हणाले. "माझ्यानं उठवत नाही."

बाहेर सगळे सुमीच्या नावानं ओरडत होते. मी आत गेलो आणि त्यांना दोन्ही हात दिले. मामा किती हलके झाले होते ते मला त्या दिवशी कळलं.