राघूची हुडहुडी

आमच्या घरात सासू-सुनेचं भांडण राघूच्या मार्फत चालायचं. समोरासमोर बोलायची सोय नव्हती. ती वडीलधारी आणि मी नवी. मग ती पिंजऱ्यापाशी उभी राहून राघूला सांगायची, की काही जणींच्या भाकरीला काठच नसतात. मी चुलीपाशी बसून त्यालाच सांगायचे, की पीठ भरड दळलं की काठ फुटणारच, आणि दळलं कोणी ते आधी विचार. राघू मान वाकडी करून एका डोळ्याने तिला आणि दुसऱ्या डोळ्याने मला बघायचा. नवरा मात्र जेवण उरकून मुकाट्याने बाहेर जायचा.

तोरणमाळकडून डोंगर उतरून आलेल्या एका माणसाकडून सासूने तो शहाद्याच्या बाजारात घेतला होता, तेव्हा त्याला धड पिसंही नव्हती. त्याने शिकलेल्या बोलण्यापेक्षा त्याचे मूळचे आवाज मला लवकर कळू लागले. तिन्हीसांजेला एक पाय पोटाशी घेऊन, पिसं फुलवून तो चोचीवर चोच घासायचा. ती बारीक करकर सुखाची. डोळ्यातली बाहुली लहान-मोठी व्हायला लागली की बोट आत घालायचं नाही. पिसं अंगाला चिकटवून तो काडीसारखा बारीक झाला, की वर कुठेतरी ससाणा फिरत असायचा. नवा आवाज उचलायला मात्र तो फार आळशी. दारात कोणी आलं की ‘कोन शे?’ विचारायचं, एवढं शिकवायला सासूचा अख्खा श्रावण गेला होता, आणि तो शिकवणीचा सोहळा गल्लीतल्या सगळ्यांनी ऐकला होता.

त्या वर्षी दिवाळीनंतर गावात उंदीर पडू लागले. उंदीर मरून पडले की मागोमाग पलेग येतो आणि गाव सोडायचं हे तोवर सगळ्यांना ठाऊक झालं होतं. आम्ही गाडीत भांडी, दाणे, गोधड्या आणि राघूचा पिंजरा टाकला आणि गोमाई नदीच्या काठी आपल्या शेताच्या कडेला झोपडी घातली. आजूबाजूला सगळ्या गावाच्या झोपड्या उभ्या राहिल्या. पाटलांनी हुकूम सांगितला होता, की ज्याला ताप आणि गाठ दिसेल त्याला त्याच दिवशी नदीपलीकडच्या झोपड्यांत न्यायचं. पलीकडे गेलेल्यांपैकी कोणी परत आलेलं मी तरी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी तिकडे धूर दिसला की बायका चुली सोडून बघत उभ्या राहायच्या.

माझी मुलगी तेव्हा चार-पाच महिन्यांची होती. गावात असताना सासू तिला मांडीवरून खाली ठेवायची नाही. शेतात आल्यावर थोड्याच दिवसांत तिने पोरीला हात लावायचा बंद केला. मी कापूस वेचायला निघाले की पोर तिच्याकडे द्यायला जायचे आणि ती पाठ फिरवून बसायची. मग मी पोरीला पाठुंगळीला बांधून न्यायचे आणि बांधावरच्या बाभळीला झोळी टांगायचे. मुलगी झाली म्हणून आता तिचं खरं रूप बाहेर आलं, असं माझ्या मनाने घेतलं. मी राघूला तसं सुनावलंही. नेहमी उत्तर देणारी ती त्या दिवशी नुसती गोधडी झटकत राहिली.

असा महिना होत आला. एके दिवशी पोर फार रडते म्हणून मी भर दुपारी शेतातून परत आले. सासू नदीवर धुणं घेऊन गेली होती, झोपडीत कोणी नव्हतं. आणि पिंजऱ्यातून एक आवाज येत होता. आधी वाटलं, चोच घासतोय. पण ती वेळ झोपेची नव्हती, पिसं फुललेली नव्हती. तो ताठ उभा होता, आणि जीभ चोचीवर टकटक आपटत मध्येच हू हू असा श्वास ओढत होता. मग अगदी बारीक म्हणाला, “माय वं.” हा आवाज मी त्याच्याकडून कधीच ऐकला नव्हता.

राघूला दात नसतात. ते कोणाचे तरी दात वाजत होते, आणि आम्ही सगळे शेतात गेल्यावर या झोपडीत फक्त एकच माणूस उरत होतं.

दुसऱ्या दिवशी मी शेतात जाते म्हणून निघाले आणि मध्यान्हीला मागे फिरले. सासू घरातल्या सगळ्या गोधड्यांखाली पडली होती आणि गोधड्यांचा तो ढीग हलत होता. तिचे दात वाजत होते, पिंजऱ्यातून राघूचेही वाजत होते. मी पोरीला घेऊन तशीच धावत गेले तर ती एकदम मागे सरकली.

“माले हात लावू नको. गाठ शे. पोरले लिसन दूर ऱ्हाय.”

जांघेत गाठ होती. शेतात आल्याआल्या पायात बाभळीचा काटा मोडला होता, ती जखम अजून चिघळत होती; गाठ त्याची असेल हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. ताप आणि गाठ, म्हणजे पलेग. पहिल्या दिवसापासून ती आपण आज मरणार, उद्या मरणार असं धरून चालली होती. पोरीला का शिवत नव्हती ते मला तेव्हा कळलं. रोज येतो का ताप, मी विचारलं. ती म्हणाली, दिवसाआड. आज थरकाप आणि उद्या काही नाही, पुन्हा परवा.

मला पुढचं विचारायची उसंत मिळाली नाही. दारात शेजारच्या झोपडीतली चुलत सासू उभी होती आणि तिने ‘गाठ’ हा शब्द ऐकला होता. ऊन कलायच्या आत पाटील आले, बरोबर बाज घेतलेली चार माणसं. नवरा शेतातून धावत आला आणि हात जोडून उभा राहिला. पाटील वाईट माणूस नव्हते. पण साऱ्या गावाचा जीव त्यांच्या गळ्याशी बांधलेला होता, आणि नदीपलीकडे धूर दिसत होता. सासू स्वतःच उठून बाजेकडे निघाली.

पाटलांशी बोलायची माझी प्राज्ञा नव्हती. डोक्यावरचा पदर पुढे ओढून मी पिंजऱ्याकडे तोंड केलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं मी बोलले.

“राघू, तुले एक आवाज शिकाले महिना लागस ना रे? मंग हाई हुडहुडी तू कवय शिकना? गाठना ताप कोनले महिनाभर जगू देस का?”

पलेग माणसाला थोड्याच दिवसांत नेतो, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. राघूने बाहुल्या लहान-मोठ्या केल्या आणि दात वाजवले, हू हू केलं, अगदी सासूच्या आवाजात “माय वं” म्हणाला. बाज धरलेला एक जण मागे सरला. पाटलांनी चुलत सासूला विचारलं, हा आवाज आधीचा का. तिचं आणि आमचं कधी पटलं नव्हतं. पण ती खरं बोलली, की गावात असताना असला आवाज तिने कधी ऐकला नाही. मी राघूला पुढे सांगितलं, की हा दिवसाआड येणारा एकांतरा हिवताप आहे, गाठ काट्याची आहे, उद्या ती उभी राहील आणि परवा दुपारी पुन्हा थंडी वाजेल.

पाटलांनी परवा दुपारपर्यंत मुदत दिली. तोवर झोपडीतून कोणी बाहेर पडायचं नाही. थंडी आली नाही, आणि तापही अंगात तसाच राहिला, तर बाज तयार आहे. भोवती बाभळीच्या फांद्या टाकल्या आणि दोन माणसं बसवली.

दुसऱ्या दिवशी सासू उठून बसली, अंग गार होतं. बाहेरचे म्हणाले, पलेगमध्येही मध्ये उतार पडतो. खरं की खोटं मला माहीत नव्हतं, पण माझी झोप उडाली.

तिसऱ्या दिवशी सकाळपासून कुंपणापलीकडे माणसं जमली. सासूचा सुखाचा एक दिवस मागायचा सोडून मी तिला हुडहुडी भरावी म्हणून देवाला आळवत होते. ऊन माथ्यावर आलं. दात वाजू लागले तेव्हा बाहेर गलका झाला, की सुरू झाली. मी ओरडून सांगितलं की हा राघू आहे, तिला अजून काही नाही. पदराआड लपून बोलायची आठवणही राहिली नाही. खोटं बोलून वेळ मारून नेता आली असती. पण खोटं उघडं पडताच ते पुन्हा आले असते आणि ती पुन्हा त्या बाजेकडे चालत गेली असती.

सासू भिंतीला टेकून बसली होती. ऊन दारातून आत सरकलं. मी तिची नखं बघत होते. आधी ती फिकी झाली, मग निळसर. मग तिने जांभई दिली, गोधडी ओढली आणि तिचा जबडा हलू लागला. मी रडत रडत हसले आणि पाटलांना आत या, ऐका म्हणाले. पाटील वाकून आत आले आणि बराच वेळ ऐकत उभे राहिले. एकीकडे सासू आणि दुसरीकडे राघू, आवाजात तसूभर फरक नव्हता. बाहेर जाऊन त्यांनी बाज परत नेऊन ठेवायला सांगितली आणि माझ्या नवऱ्याला शहाद्याच्या पोस्टात मिळणाऱ्या, हिवतापावरच्या कोयनेलच्या पुड्या आणायला पिटाळलं.

तिन्हीसांजेला सासूला घाम फुटला. गोधड्या बाजूला सारून ती उठून बसली, तोंड पुसलं आणि पिंजऱ्याकडे बघत राहिली. पोर माझ्या मांडीवर होती. राघू पिसं फुलवून चोच घासू लागला होता.

“राघू,” ती म्हणाली, “तिले सांग, पोर माले दे.”

मी राघूकडे बघितलंही नाही. उठून पोर तिच्या ओल्या मांडीवर ठेवली.