तिसऱ्या वळणावर

माझं माहेर आष्ट्याचं. तिथं सायकलला चढ लागायचा तो फक्त ओढ्यावरच्या पुलावर. बाकी सगळा सपाट रस्ता, दोन्ही बाजूंना ऊस. लग्न होऊन साताऱ्यात आले, तर जिकडं बघावं तिकडं डोंगर. सायकल माहेरीच राहिली. ती पुन्हा हातात आली तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती, हायस्कूलवर गणित शिकवत होते आणि गुडघे कुरकुरायला लागल्यामुळे डॉक्टरांनी व्यायाम करायला सांगितलं होतं. नवऱ्याला वाटलं, ही सकाळी चालायला जाईल. मी जाड टायरची, गिअरची माउंटन बाइक घेऊन घरी आले.

साताऱ्यात अशा सायकली चालवणारे आम्ही दहा-बाराजण होतो. त्या वर्षी पावसाळा संपता संपता आम्ही जवळच्या एका गावामागच्या डोंगरावर ट्रेल तयार केला. ट्रेल म्हणजे काय, तर गावाची जुनी पायवाट होती, तीच साफ केली, दगड बाजूला काढले, दोन-चार वळणं रुंद केली. ग्रामपंचायतीची परवानगी होती. गावातले एक निवृत्त सुभेदार उत्साहानं आमच्यात आले होते. फौजेत त्यांचं आयुष्य रस्ते आणि पूल बांधण्यात गेलं होतं. साठी उलटली तरी कुदळ हातात घेतली की ते पाणी प्यायलासुद्धा थांबायचे नाहीत.

ट्रेल सुंदर झाला होता. वरच्या माळावरून निघायचं आणि वाऱ्यासारखं गावापर्यंत उतरायचं. पहिल्यांदा उतरले तेव्हा मी मोठ्यानं ओरडले होते, आनंदानं.

मग ऑक्टोबरमधली ती सकाळ आली. मी सगळ्यांच्या पुढं होते. तिसऱ्या वळणावर करवंदीच्या दाट जाळ्या होत्या, पलीकडचं काही दिसायचं नाही. मी वळले आणि समोर तीन बायका. डोक्यावर गवताचे भारे, एकामागे एक, चिंचोळ्या वाटेवरून खाली चाललेल्या. त्यांची पाठ माझ्याकडं होती. ब्रेक दाबले तरी सायकल मुरमावरून घसरतच राहिली. आत डोंगराकडं वळले असते तर त्यांच्यावर गेले असते. मी हँडल बाहेर फिरवलं.

खाली फार खोल नव्हतं, पण दगड होते. उठायला गेले तर उजवा खांदा जागेवर नाही असं वाटलं. तिघींपैकी सगळ्यात मागची बाई भारा टाकून घसरत घसरत माझ्यापाशी आली. डोक्यावरच्या चुंबळीचं कापड तिनं उलगडलं आणि माझा हात गळ्यात बांधला.

"हात हलवू नगंस. हलवू नगंस म्हन्ते न्हवं!"

"मावशी, तुम्हाला कुणाला लागलं नाही ना?"

"आमाला काय हुतंय? तू बग सवताकडं. काय गं बाई ह्यो खेळ तुमचा!"

खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. तिघींनी मला धरून वर काढलं, तोवर मागचे सायकलवाले आले.

पुढच्या रविवारी गावात देवळासमोर बैठक बसली. विषय एकच, ट्रेल ठेवायचा की बंद करायचा. बंद करा म्हणून उभ्या राहिल्या त्या त्याच मावशी, माझा हात बांधणाऱ्या. आमच्यातल्या एकानं सुचवलं, वळणावर धोक्याची पाटी लावू.

"पाटी वाचायला तुमी थांबनार हाय का?" मावशी म्हणाल्या. "डोक्यावर भारा असला की मान वळत न्हाई. मागनं कोन आलं कळत न्हाई. बाजूला व्हायला जागा न्हाई. त्या दिवशी ही बाई खाली गेली म्हनून आमी वाचलो. उद्या दुसरा कुनी जाईल का?"

मी गळ्यात हात अडकवून कोपऱ्यात बसले होते. उभी राहिले आणि म्हटलं, "मावशींचं बरोबर आहे. ते वळण नीट होईपर्यंत ट्रेल बंद ठेवा."

आमच्या गटात चुळबुळ झाली. शेजारचा हळूच म्हणाला, "मॅडम, एकदा पडलात म्हणून घाबरलात?"

"घाबरले," मी म्हटलं. "पण पडण्याला नाही. मी आत वळले असते तर, त्याला घाबरले."

शेवटी सुभेदार उठले. "बंद ठिवू. पन मोडायचा न्हाई. नव्यानं करायचा. भाऱ्याची वाट बायकांची. सायकलची वाट निराळी."

मावशी लगेच म्हणाल्या, "आदी मला पटवून द्या सुभेदार. मग आना सायकली."

त्या दिवसापासून रविवार म्हणजे डोंगर. सुभेदार खुंट्या आणि सुतळी घेऊन पुढं, आम्ही मागं. सायकलची वाट जुन्या पायवाटेच्या वरच्या अंगानं नेली. दोन्ही वाटा फक्त एका ठिकाणी एकमेकींना छेदत होत्या, त्या तिसऱ्या वळणाच्या खाली. तिथं येण्याआधी सायकलच्या वाटेला मुद्दाम थोडा चढ दिला, म्हणजे वेग आपोआपच मरतो. छेदाच्या तोंडाशी दगडांची नागमोडी वाट केली. सायकलवर बसून तिथून जाताच येत नाही, पाय टेकावाच लागतो. करवंदी कमरेपर्यंत छाटल्या. वळणाच्या बाहेरच्या कडेला मातीचा जाड बांध घातला, कुणी घसरलंच तर दगडांत न जाता मातीत थांबावं म्हणून.

मला काही उचलता येत नव्हतं. माझं काम एकच. सायकलवर बसल्यावर डोळे जेवढ्या उंचीवर येतात तेवढ्याच उंचीवर येतील अशा दगडावर उभं राहायचं आणि खाली उभ्या असलेल्या माणसाकडं बघून ओरडायचं, "दिसतंय!" नाहीतर "नाही दिसत!" माझ्या प्रत्येक 'नाही'ला आणखी एक जाळी छाटावी लागे. पोरं मला शिव्या देत असणार.

नियमही ठरले. एकट्यानं यायचं नाही. हेल्मेट आणि घंटी नसेल त्याला वर सोडायचं नाही. चढायचं गाडीरस्त्यानं, ट्रेल फक्त उतरायला. गवत कापायच्या दिवसांत सकाळी ट्रेल बंद. हा शेवटचा नियम आमच्या काहीजणांना जड गेला, पण सगळ्यांनी मान्य केला.

संक्रांत झाली. डॉक्टरांनी मला सायकलची मोकळीक दिली आणि त्याच आठवड्यात मावशींचा निरोप आला, बघायला येते. सगळे जमलो. मावशींनी डोक्यावर भारा घेतला, छेदाच्या बरोबर मध्ये जाऊन उभ्या राहिल्या आणि वरच्या वाटेकडं पाठ केली.

"सोडा आता सायकल. पन येनारी तीच पायजे. त्या दिवशीची."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. नवरा बरोबर आला होता. त्यानं टायरची हवा दोनदा बघितली.

वर माळावर गेले. खरं सांगायचं तर परत खाली चालत यावंसं वाटत होतं. पण खाली एक बाई माझ्याकडं पाठ करून उभी होती. मी यायचं नाही म्हटलं असतं तर तो भारा तिनं उगाच उचलला असता. निघाले.

पहिलं वळण. दुसरं. सायकल हलकी वाटायला लागली. तिसऱ्या वळणावर छाटलेल्या जाळ्यांच्या वरून मला गवताचा तो भारा लांबूनच दिसला, पिवळाधमक. घंटी वाजवली. चढानं वेग खाल्ला. दगडांशी येऊन मी पाय टेकला आणि सायकल थांबली. मावशी आणि मी यांच्यात एक बैलगाडी आरामात गेली असती.

"मावशी, आले मी."

त्या भाऱ्यासकट सावकाश वळल्या. अंतर बघितलं. दगड बघितले. मग भारा खाली टाकला आणि खो खो हसायलाच लागल्या.

"आलीस व्हय? मला वाटलं आजून वरच हाईस! आवं सुभेदार, ऱ्हाऊ द्या वाट. लय झ्याक झालीया."

वरून, खालून, सगळीकडून टाळ्या पडल्या. सुभेदारांनी टोपी काढून हवेत उडवली. मी सायकल हातानं छेदाच्या पलीकडं नेली, पुन्हा बसले आणि उरलेला सगळा उतार गावापर्यंत एका दमात उतरले. खांद्यात कळ आली असेल तर मला ती कळली नाही.

ट्रेल पुन्हा सुरू झाला त्या दिवशी सांगलीहून, कऱ्हाडहून, पुण्याहून सायकलवाले आले. आष्ट्याहून माझा भाऊ आला आणि चढ बघून खालीच बसला. दुपारपर्यंत एकजण तिसऱ्या वळणावर घसरला, मातीच्या बांधात जाऊन रुतला, कपडे झटकत उठला आणि पुढं गेला. सुभेदारांनी त्या बांधावरून असा हात फिरवला, जशी घोड्याची पाठ थोपटावी.

छेदावर गावातल्या बायका पाळीनं उभ्या होत्या. मावशींनी गळ्यात शिट्टी अडकवली होती. पुण्याचा एक रुबाबदार, चकचकीत कपड्यातला गडी खाली न उतरता पायानंच सायकल रेटत दगडांतून वाट काढायला बघत होता. शिट्टी अशी वाजली की झाडावरची पाखरं उडाली.

"ए गड्या! उतर खाली. हितनं चालत जायाचं असतंय."

तो मुकाट उतरला. हेल्मेट काढून "सॉरी मावशी" म्हणाला. मावशींनी त्याला हातानं पुढं जायची खूण केली आणि वर बघून, पुढच्याला यायला सांगत, पुन्हा शिट्टी फुंकली.