न वाचणारा साक्षीदार

पांढुर्ण्यात बसून साता समुद्रापलीकडच्या लोकांची वाक्यं दुरुस्त करणारा माणूस माझ्या साडभाऊंखेरीज दुसरा नसावा. आणि असलाच, तर त्याच्या नातेवाइकांबद्दल मला मनापासून सहानुभूती आहे. साडभाऊंचं कृषी केंद्र आहे. फवारणीच्या औषधाबरोबर जो छापील कागद येतो तो वाचूनच संत्र्याचे बगीचे जळतात, असं त्यांचं जुनं मत. म्हणून ते स्वतःच्या हातानं चिठ्ठी लिहितात आणि गिऱ्हाइकाकडून ती वदवून घेतात. गिऱ्हाइकानं नुसती मान हलवली तर बाटली परत कपाटात जाते. "मान हलवून राहिला म्हणजे समजलं नाही," ते म्हणतात. "समजलं असतं तर काही विचारलं असतं." तिगावच्या एका लग्नपत्रिकेत 'जेवण लगेच' असं छापलं होतं. यांनी मुलीच्या बापाला फोन केला, "हळदीच्या लगेच का लग्नाच्या लगेच?" त्या माणसानं तोवर यावर विचारच केला नव्हता. तो इतका घाबरला की त्यानं दोनदा पंगती उठवल्या.

दुकानातल्या मालाच्या नोंदींसाठी त्यांनी एक मोफत डेटाबेस सॉफ्टवेअर घेतलं. जगभरची माणसं मिळून ते बनवतात, आणि त्याच्या माहितीपानांत कोणालाही दुरुस्ती सुचवता येते. साडभाऊ ती पानं वाचायला बसले आणि दुकान त्यांच्या बायकोच्या, म्हणजे माझ्या मेहुणीच्या, गळ्यात पडलं. त्यांचं इंग्रजी औषधांच्या कागदांवर वाढलेलं. त्यामुळे सुरुवातीला प्रत्येक धोक्याच्या कमांडखाली 'लहान मुलांपासून दूर ठेवा' अशी ओळ त्यांनी सुचवली होती. पलीकडच्या लोकांनी ती आदरपूर्वक नाकारली. मग त्यांनी वाक्यं माणसांवर तपासून पाहायला सुरुवात केली. सौंसरच्या बसमध्ये ते सहप्रवाशांना मराठीत वाक्य वाचून दाखवत. 'अर्धवट राहिलेलं काम आपोआप मागे घेतलं जातं,' हे वाक्य ऐकून जामसांवलीच्या मारुतीला नारळ घेऊन निघालेली एक म्हातारी म्हणाली, "मागे कोन घेते? त्याचं नाव लिवा ना बाप्पा." साडभाऊ पुढच्याच थांब्यावर उतरले, घरी परतले आणि 'डेटाबेस मागे घेतो' असं नाव घालून लिहिलं. ती दुरुस्ती मंजूर झाली. मारुतीच्या पायऱ्यांवर त्या बाईला शोधायला ते तीन शनिवार गेले, असं मेहुणी सांगते.

आता माझं पाप सांगतो. सौंसरला संत्रा बागायतदारांच्या एका संस्थेत मी नोंदी सांभाळतो. कोणाच्या बगीच्यात किती झाडं, हिवाळ्यातला आंबिया बहार धरला की पावसाळ्यातला मृग, हे सगळं साडभाऊंनीच बसवून दिलेल्या त्याच डेटाबेसमध्ये असतं. एका दुपारी काही नोंदी बिघडल्यासारख्या वाटल्या, म्हणून मी जुना बॅकअप परत भरला. तो भरायची कमांड आधी असलेलं सगळं पुसते आणि मग जुनं भरते. माझा बॅकअप दोन बहारांपूर्वीचा होता. मधलं सगळं गेलं. अध्यक्षांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, "त्या कमांडचं पान पूर्ण वाचूनच केलं साहेब. पानातच तसं लिहिलेलं नाही." खरं म्हणजे मी पानावरची कमांड तेवढी उचलली होती. बाकी एक अक्षर वाचलं नव्हतं.

कागदी फॉर्मवरून सगळं पुन्हा टाइप करायला मला महिना लागला, आणि तिथं प्रकरण संपायला हवं होतं. पण माझं वाक्य पांढुर्ण्याला पोचलं. साडभाऊंनी त्या जगभरच्या लोकांना लिहिलं: माझ्या साडूनं पान पूर्ण वाचलं, तरी त्याची फसगत झाली. उत्तर आलं की इशारा तिथंच आहे, कमांडच्या खालच्या परिच्छेदात. यांनी लिहिलं, माझा साडू खोटं बोलत नाही. चार महिने हा वाद चालला. तोवर मंजूर झालेल्या सगळ्या दुरुस्त्यांची पत त्यांनी माझ्या एका वाक्यासाठी पणाला लावली होती. मग तिकडच्या कोणीतरी साधा प्रश्न विचारला: त्या गृहस्थांनी इशारा वाचून त्याचा अर्थ काय घेतला?

हा प्रश्न घेऊन ते बसनं सौंसरला आले. स्टँडवरच्या बाकावर वही उघडून म्हणाले, "सांगा साडभाऊ. तुमच्याच शब्दांत लिहून घेतो."

मी म्हणालो, "मी वाचलंच नव्हतं."

"इशारा?"

"काहीच. कमांड उचलली फक्त."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. छिंदवाड्याची बस लागली, भरली, गेली. मला वाटलं, आता हा माणूस पुन्हा माझ्या दारात येणार नाही. शेवटी पेनाचं टोपण काढत ते म्हणाले, "इतके दिस मी वाचनाऱ्या मानसासाठी लिहून राहिलो होतो. त्याला काय गरज आहे हो माही?"

त्याच संध्याकाळी त्यांनी तिकडं कळवलं: माझा साक्षीदार खोटा निघाला, माफी असावी, त्यानं पान वाचलंच नव्हतं, म्हणूनच इशारा कमांडच्या वर हवा. आठवड्यात तो वर गेला. पाच शब्दांचा आहे: 'आधी असलेलं सगळं पुसलं जाईल.' पुसणार कोण, हे लिहायचं राहिलं, याची त्यांना अजून खंत आहे.

तेव्हापासून दर रविवारी ते नवं पान माझ्यावर तपासून पाहायला येतात. "तुमच्यासारखा अस्सल न वाचनारा पंचक्रोशीत नाही," असं मला कौतुकानं सांगतात. संस्थेला आणि घरच्यांना मात्र त्यांनी यातलं कधी काही कळू दिलं नाही. अडचण एवढीच आहे की त्या दिवसापासून मी सगळं वाचतो. बिस्किटाच्या पुड्यावरचं, बसच्या तिकिटामागचं, सगळं. त्यांची पानं तर दोनदा वाचतो. पण ते समोर बसून माझ्या बोटाकडे पाहत असतात, तेव्हा मी इशारा ओलांडून थेट कमांडवर बोट ठेवतो. "पाहा, अजून जमलं नाही," असं म्हणत ते खुशीत वही उघडतात. हेही खोटंच आहे, मला माहीत आहे. कधीतरी सांगीन. पण आता त्यांची नजर अधू झाली आहे, पान डोळ्यांशी धरावं लागतं, तरी एक रविवार चुकवत नाहीत, आणि त्यांची बस आली की मी माझा वाचायचा चष्मा काढून खिशात ठेवतो.